मोडीत निघालेल्या फ्रिजचे पुढे काय होते

मिक्सर, इस्त्री, गीझर किंवा वॉशिंग मशीन मोडीत निघाले की त्याचे पुढे काय व्हायचे हे बहुतांशी त्यातला धातू ठरवतो. मोटरमधले तांबे, ड्रममधले स्टेनलेस स्टील आणि बाहेरचा पत्रा यांना भंगारबाजारात भाव असतो, म्हणून ते कोणी न सांगताही भट्टीपर्यंत पोहोचतात. फ्रिजचे तसे नाही. त्यात धातू भरपूर आहे, परंतु ज्या दोन घटकांच्या जोरावर फ्रिज थंडावा निर्माण करतो आणि टिकवतो, म्हणजे उष्णता वाहून नेणारा वायू आणि उष्णता अडवणारा फोम, त्या दोहोंना मोडीच्या बाजारात कवडीचीही किंमत नाही आणि पर्यावरणाची सर्वाधिक हानी नेमके हेच दोन घटक करू शकतात. मोल एका भागात आणि धोका दुसऱ्या भागात अशी ही वाटणी आहे. जुन्या उपकरणांच्या विल्हेवाटीतल्या बहुतेक अडचणी तिच्यातूनच उद्भवतात आणि त्या फ्रिजइतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही घरगुती उपकरणात दिसत नाहीत.

फ्रिजच्या मागच्या बाजूला तळाशी बसवलेला काळा, पूर्णपणे सीलबंद डबा म्हणजे कॉम्प्रेसर. त्याच्या आत विजेची मोटर, वायू दाबणारा दट्ट्या आणि या दोहोंना वंगण पुरवणारे पाव लिटरच्या आसपास तेल असते. कॉम्प्रेसरने दाबलेला गरम वायू मागच्या जाळीतून फिरताना बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रवरूप होतो, पुढे केसासारख्या बारीक नळीतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि मग फ्रीझरभोवतीच्या नळ्यांत त्याची पुन्हा वाफ होताना तो आतली उष्णता शोषून घेतो. हे चक्र वर्षानुवर्षे बंद नळ्यांत चालू राहते. या वायूला शास्त्रीय परिभाषेत शीतकारक म्हणतात आणि मेकॅनिकच्या बोलीत नुसता ‘गॅस’. नळी कुठे गंजली किंवा टोचली गेली नाही, तर पहिल्या दिवशी भरलेला गॅस फ्रिजच्या अखेरपर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो, याचा अर्थ बंद पडलेल्या फ्रिजमध्येही तो बहुधा शाबूत असतो आणि फ्रिज फोडला जाण्याच्या क्षणी बाहेर पडतो.

हा गॅस कोणता, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड किंवा अमोनिया वापरत असत आणि नळी फुटून माणसे दगावल्याच्या घटना घडत असत. हा धोका टाळण्यासाठी अमेरिकेत थॉमस मिजली या रसायनतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास क्लोरोफ्लुरोकार्बन हा वर्ग पुढे आणला. हे वायू विषारी नव्हते, पेट घेत नव्हते आणि कशाशीही सहजी संयोग पावत नव्हते, त्यामुळे अर्धशतकभर ते आदर्श मानले गेले. पुढे हा स्थिरपणाच अंगाशी आला. खालच्या वातावरणात कशानेही न मोडणारे हे रेणू हळूहळू वर चढत स्थितांबरात पोहोचतात आणि तेथील तीव्र अतिनील किरणांनी फुटून क्लोरीनचे अणू मोकळे करतात, जे ओझोनचे रेणू एकामागून एक नष्ट करत राहतात, असे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थरात पडलेले विवर १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी जाहीर केले आणि १९८७ मध्ये माँट्रियल येथे हे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. २००० साली केलेल्या नियमांनुसार १ जानेवारी २००३ नंतर नवीन फ्रिज बनवताना या वायूंचा वापर करण्यास देशात मनाई झाली आणि १ ऑगस्ट २००८ पासून, दम्याच्या फवाऱ्यांसारखे अपवाद वगळता, त्यांचे उत्पादनही थांबले.

परंतु उत्पादन थांबल्याने आधीच भरलेला वायू नाहीसा होत नाही. २००३ पूर्वीच्या एखाद्या फ्रिजच्या मागे लावलेल्या पट्टीवर आर-१२ असे लिहिलेले असेल, तर त्यात याच वर्गातला वायू आहे. त्यानंतरच्या अनेक फ्रिजांवर आर-१३४ए आणि अलीकडच्या बहुतेकांवर आर-६००ए असे आढळते. आर-१३४ए हा हायड्रोफ्लुरोकार्बन वर्गातला वायू असून त्यात क्लोरीन नसल्यामुळे ओझोनला त्याचा त्रास नाही, मात्र हवामान तापवण्यात तो बराच पुढे आहे. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा स्वयंपाकाच्या एलपीजीच्या कुळातला वायू आहे. तो ओझोनच्या आणि हवामानाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी असला, तरी ज्वलनशील आहे. पूर्व जर्मनीतल्या एका डबघाईला आलेल्या कारखान्याने ग्रीनपीस या संस्थेच्या प्रोत्साहनाने १९९२-९३ मध्ये अशा हायड्रोकार्बन वायूंवर चालणारा फ्रिज बाजारात आणला, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी त्याच्या सुरक्षिततेबद्दल शंका घेतल्या होत्या. आज तोच मार्ग जगभर रूढ झाला आहे आणि भारतात १९५८ पासून फ्रिज बनवणाऱ्या गोदरेजने तो इतर देशी कंपन्यांच्या आधी धरला.

या तीन वायूंतील तफावत किती मोठी आहे हे साध्या हिशोबाने समजते. कोणताही वायू शंभर वर्षांच्या काळात त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट उष्णता अडवतो, या आकड्याला तापमानवाढ क्षमता असे म्हणतात. आर-१२ साठी हा आकडा सुमारे १०,९०० आहे, आर-१३४ए साठी सुमारे १,४३० आणि आर-६००ए साठी जेमतेम ३. जुन्या एकदारी फ्रिजमध्ये १५० ग्रॅम आर-१२ असेल, तर तो हवेत सोडणे हे सुमारे १,६०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. भारतातली वीज बनवताना दर युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर्षाला २५० युनिट वीज खाणाऱ्या फ्रिजने नऊ वर्षांत जेवढे प्रदूषण केले असेल, तेवढेच भंगाराच्या दुकानात नळी कापताना काही सेकंदांत होऊन जाते. शंभर ग्रॅम आर-१३४ए च्या बाबतीत हाच हिशोब दहा महिन्यांच्या विजेइतका येतो, तर आर-६००ए चा हिशोब मांडण्याचेही कारण नाही. वीज वाचवणाऱ्या फ्रिजच्या ताऱ्यांबद्दल जाहिरातींतून जेवढे बोलले जाते, त्याच्या शतांशानेही या काही सेकंदांबद्दल बोलले जात नाही, हे नवलाचे आहे.

नळ्यांतला वायू निदान नळ्यांत तरी असतो, फोममधल्या वायूची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. फ्रिजचा बाहेरचा पत्रा आणि आतली प्लॅस्टिकची पेटी यांच्यामधली पोकळी पॉलियुरेथेन फोमने भरलेली असते, ज्याला व्यवहारात ‘पफ’ म्हणतात. दोन द्रव रसायने एकत्र ओतली की ती फुगून घट्ट होतात, मात्र असंख्य बारीक बंद पुटकुळ्या तयार होण्यासाठी त्यांत एक फुगवणारा वायू मिसळावा लागतो आणि हा वायू नंतर त्या पुटकुळ्यांत अडकून राहून उष्णतेला अटकाव करतो. जुन्या काळी या कामासाठी आर-११ हा क्लोरोफ्लुरोकार्बन वापरला जाई, ज्याची तापमानवाढ क्षमता सुमारे ४,७५० आहे आणि ओझोन नष्ट करण्याच्या क्षमतेत जो मोजमापाचा मानदंडच समजला जातो. आर-१२ च्या काळातल्या फ्रिजमधील एकूण घातक वायूचा मोठा वाटा, साधारणपणे दोन तृतीयांश, नळ्यांत नसून या फोममध्ये असतो. आर-११ नंतर काही काळ एचसीएफसी-१४१बी हा कमी घातक वायू आला, जो भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केला, आणि आता बहुतेक ठिकाणी सायक्लोपेंटेन वापरले जाते. फोम फोडला की वायूचा काही भाग तत्काळ निघून जातो आणि उरलेला कचराभूमीत पडलेल्या तुकड्यांतून अनेक वर्षे झिरपत राहतो. फोम आणि आर-११ यांचे नाते किती चिवट आहे याचा प्रत्यय २०१८ मध्ये आला. वातावरणातील आर-११ चे घटण्याचे प्रमाण मंदावल्याचे संशोधकांनी दाखवले, त्याचा माग काढताना पूर्व चीनकडे बोट गेले आणि बंदी असलेला हा वायू फोम बनवण्यासाठी चोरून तयार केला जात होता असे निष्पन्न झाले.

आता महाराष्ट्रातल्या शहरातून निघालेल्या एखाद्या फ्रिजचा नेहमीचा प्रवास पाहावा. दारावर येणारा भंगारवाला किंवा नवीन फ्रिज विकणारा दुकानदार तो काही पैसे देऊन नेतो. चालू स्थितीत असेल किंवा थोडक्या खर्चात चालू होण्यासारखा असेल, तर तो दुरुस्त होऊन लहान गावात, खानावळीत अथवा चहाच्या टपरीवर पुन्हा काही वर्षे काढतो आणि हे चांगलेच आहे. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर सर्वांत आधी काढला जातो, कारण सात-आठ किलोंच्या त्या डब्यात तांब्याची गुंडाळी असते आणि कधी तो कापून, नव्याने वाइंडिंग करून, पुन्हा जोडून विकताही येतो. कॉम्प्रेसर सुटा करण्यासाठी नळ्या कापल्या की गॅस उडून जातो आणि तेल जमिनीवर सांडते. त्यानंतर जाळी, तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या नळ्या, पत्रा, दाराचे चुंबकी रबर, काचेचे कप्पे आणि आतले प्लॅस्टिक यांची फारकत होते. पत्रा दाबून ट्रकने निघतो आणि भंगारापासून पोलाद बनवणाऱ्या जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांत त्याच्या सळया होतात. वायरवरचे प्लॅस्टिक सोलण्याऐवजी जाळले जाते तेव्हा त्यातून डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी संयुगे तयार होतात. पफ मात्र कोणालाच नको असतो. तो पत्र्यापासून खरवडून काढला जातो, कचऱ्यात जातो किंवा जागच्या जागी पेटवला जातो, आणि जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही देतो, ज्याचा पहिला फटका अर्थातच तो पेटवणाऱ्या मजुराला बसतो.

या साखळीची निंदा करणे सोपे आहे, परंतु तिचे कौशल्यही मान्य केले पाहिजे. फ्रिजच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास असणारा पोलादी पत्रा आणि जवळजवळ सगळे तांबे ती शासनाच्या एका पैशाच्या मदतीवाचून परत वापरात आणते आणि कोणत्याही सरकारी योजनेला न जमलेले काम, म्हणजे प्रत्येक घराच्या दारापर्यंत पोहोचणे, ती रोज करते. ॲल्युमिनियम खनिजापासून बनवण्याऐवजी भंगारापासून बनवल्यास सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, आणि ही बचत गल्लीबोळांत फिरणाऱ्या माणसांनी केलेली आहे. दोष तिच्या कष्टांत नाही. ज्याला भाव नाही त्याची जबाबदारी घेण्याचे कोणतेही कारण तिच्यापुढे ठेवलेले नाही, हा दोष आहे.

व्यवस्थित चालणाऱ्या प्रकल्पात हेच काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात फ्रिज तिरपा करून कॉम्प्रेसरच्या तळाला छिद्र पाडणारे साधन लावतात आणि बंद नळीवाटे गॅस व तेल एकत्र ओढून घेतात. तेलात बराच गॅस विरघळलेला असतो, म्हणून ते तापवून आणि त्यावरचा दाब कमी करून तो वेगळा काढावा लागतो, नाही तर तेलाच्या पिंपाबरोबर तोही निसटतो. दुसऱ्या टप्प्यात कॉम्प्रेसर काढलेला सांगाडा हवाबंद यंत्रात चिरडला जातो. नव्या फ्रिजमधल्या सायक्लोपेंटेनचा ठिणगीने स्फोट होऊ नये म्हणून या यंत्रात नायट्रोजन भरून ऑक्सिजनचे प्रमाण खाली ठेवतात, फोमची पूड करून ती दाबतात आणि तापवतात, ज्यामुळे पुटकुळ्यांतला वायू सुटा होतो, आणि तो अतिथंड पृष्ठभागावर द्रवरूप करून किंवा सक्रिय कोळशात शोषून गोळा करतात. राहिलेल्या तुकड्यांतून चुंबक लोखंड उचलतो. तांबे आणि ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगाने फिरणाऱ्या चुंबकी रुळाचा उपयोग करतात. त्याच्या बदलत्या क्षेत्रामुळे या धातूंच्या तुकड्यांत वर्तुळाकार विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि ते पट्ट्यावरून उसळी घेऊन पलीकडे पडतात, तर प्लॅस्टिक अलीकडेच राहते. गोळा केलेले क्लोरोफ्लुरोकार्बन शेवटी हजार अंशांहून अधिक तापमानाच्या भट्टीत नष्ट केले जातात. माँट्रियल कराराने मान्य केलेल्या पद्धतींत सिमेंटच्या भट्ट्यांचाही समावेश आहे आणि शुद्ध स्वरूपातला वायू किमान ९९.९९ टक्के नष्ट झाला पाहिजे असा दंडक आहे. पहिला टप्पा तुलनेने स्वस्त असून तो लहान शहरातही उभारता येतो. दुसरा मात्र कोट्यवधी रुपयांची यंत्रे मागतो आणि पुरेसे अखंड फ्रिज सातत्याने येत राहिले तरच परवडतो.

हा खर्च कोणी उचलायचा, याची वेगवेगळ्या देशांनी दिलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत. जपानने १९९८ मध्ये कायदा करून २००१ पासून दूरचित्रवाणी संच, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि वातानुकूलन यंत्र या चार उपकरणांसाठी टाकून देणाऱ्याकडूनच शुल्क घेण्यास सुरुवात केली. फ्रिज टाकायचा तर काही हजार येन मोजावे लागतात, आणि या पैशांतून चालणारे प्रकल्प उत्तम असले, तरी शुल्क चुकवण्यासाठी उपकरणे रस्त्याकडेला किंवा रानात फेकण्याचे प्रकारही तेथे घडले. स्वित्झर्लंडने शुल्क खरेदीच्या वेळीच घेण्याची रीत १९९० च्या दशकापासून रुजवली, त्यामुळे जुने उपकरण कोणत्याही दुकानात विनामूल्य परत करता येते आणि फेकून देण्याने काही वाचत नाही. भारतात मात्र व्यवहार नेमका उलटा आहे. येथे टाकणाराच पैसे घेतो. फ्रिज देताना हातात चार पैसे पडावेत ही अपेक्षा इतकी पक्की आहे की शुल्क सोडाच, फुकट द्यायलाही घरे तयार होत नाहीत, आणि भंगारवाल्याने दिलेले ते पैसे तांब्यातून व पत्र्यातूनच वसूल व्हायचे असल्यामुळे गॅस आणि पफ यांच्यासाठी हिशोबात जागाच उरत नाही. जपानची नक्कल येथे टिकणार नाही. स्विस रीत अधिक जुळणारी आहे.

भारतीय कायदा काही प्रमाणात त्याच दिशेने गेला आहे. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये जाहीर होऊन १ मे २०१२ पासून लागू झाले, २०१६ मध्ये ते नव्याने आले आणि सध्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. त्यांचा गाभा म्हणजे विस्तारित उत्पादक जबाबदारी, अर्थात उपकरण बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीची जबाबदारी विक्रीपाशी न संपता त्याच्या विल्हेवाटीपर्यंत ताणलेली असणे. प्रत्येक वर्गाच्या उपकरणाचे सरासरी आयुष्य धरून, तेवढ्या वर्षांपूर्वी विकलेल्या मालाच्या ठरावीक टक्के वजनाइतके पुनर्चक्रीकरण कंपनीने करून घ्यायचे असते. हे प्रमाण २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढच्या दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के आहे. कंपनीने स्वतः फ्रिज गोळा करण्याची सक्ती नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणारा उद्योग केलेल्या कामाबद्दल प्रमाणपत्रे मिळवतो आणि कंपनी ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळामार्फत विकत घेते. अशा रीतीने नव्या फ्रिजच्या किमतीतला थोडा भाग जुन्या फ्रिजसाठी खर्च व्हावा अशी कल्पना आहे.

कल्पना योग्य असली तरी तिच्या मांडणीत एक गोम आहे. प्रमाणपत्रे सुरुवातीला चार धातूंच्या मोजमापावर देण्यात आली: सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड. फ्रिजच्या बाबतीत याचा अर्थ असा की जे बाजार आपणहून उचलतच होता, त्याच्याच वजनावर कंपन्यांचा पैसा पोहोचू लागला, आणि जे कोणी उचलत नव्हते ते पफसारखे घटक मोजमापाच्या बाहेर राहिले. शीतकारक वायूंची सुरक्षित हाताळणी ही उत्पादकांची जबाबदारी असल्याचे २०२३ मधल्या दुरुस्तीने स्पष्ट केले, हे स्वागतार्ह आहे; परंतु जोवर गोळा केलेल्या वायूच्या ग्रॅमला आणि निर्धोक केलेल्या फोमच्या किलोला प्रमाणपत्राच्या हिशोबात स्वतंत्र स्थान मिळत नाही, तोवर गॅस सोडून देऊन पत्रा विकणारा आणि दोन्ही टप्पे पार पाडणारा यांना समान मोबदला मिळत राहील, आणि त्यातला दुसरा स्पर्धेत टिकणार नाही. प्रमाणपत्रे मातीमोल होऊ नयेत म्हणून मंडळाने २०२४ मध्ये घरगुती उपकरणांसाठी किलोमागे किमान २२ रुपये असा दर ठरवला, ज्याला काही मोठ्या कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. शिवाय कागदावरच्या पुनर्चक्रीकरणाचा धोका आहेच. प्लॅस्टिकसाठी चालणाऱ्या अशाच प्रमाणपत्र-पद्धतीत २०२३ मध्ये लाखो खोटी प्रमाणपत्रे उघडकीस आली होती.

केंद्रीय मंडळाच्या आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे १६ लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या साधारण ३३ टक्क्यांवर नोंदणीकृत व्यवस्थेत प्रक्रिया झाली. हा वाटा वाढवण्यासाठी भंगारवाल्याला हटवावे असे सुचवले जाते, पण ते ना न्याय्य आहे ना शक्य. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने आणि तिच्यातून २००८ मध्ये महापालिकेबरोबर काम करू लागलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने दाखवून दिले आहे की कचरावेचकांना ओळखपत्र, ठरलेला मोबदला आणि सन्मान मिळाला तर तेच लोक महापालिकेच्या व्यवस्थेचा कणा होऊ शकतात. फ्रिजसाठी हीच रीत लावायची झाल्यास भंगारवाल्याने कॉम्प्रेसरला हात न लावता फ्रिज अखंड आणून द्यावा आणि त्याला कॉम्प्रेसरसह फ्रिजची मोडीतली किंमत अधिक काहीतरी जास्त मिळावे, एवढे पुरेसे आहे. त्याला उपदेशाची गरज नाही, भावाची आहे. कॉम्प्रेसर आधीच काढून घेतलेले फ्रिज प्रकल्पात येणे ही तक्रार काटेकोर कायद्यांच्या युरोपातही ऐकू येते, तेव्हा हा काही केवळ भारतीय स्वभावाचा प्रश्न नव्हे.

घराच्या पातळीवर करण्यासारखे थोडे आहे, पण ते नेमके आहे. पहिला प्रश्न फ्रिज खरोखर टाकायचा आहे का हा. दाराचे रबर सैल होणे, थर्मोस्टॅट किंवा रिले बिघडणे ही दुरुस्ती स्वस्तात होते, आणि गॅस पुन्हा भरायचा असेल तर आधी गळती शोधून बुजवण्याचा आग्रह धरला पाहिजे, कारण गळक्या नळीत दर उन्हाळ्याला गॅस भरणे म्हणजे तो दर वर्षी हवेत सोडणेच होय. याउलट आर-१२ च्या जमान्यातला, वीज खाणारा फ्रिज नवा आल्यावरही पाण्याच्या बाटल्यांसाठी म्हणून दुसऱ्या खोलीत चालू ठेवण्यात शहाणपण नाही. टाकायचे ठरल्यावर मागची पट्टी वाचून गॅस कोणता हे पाहावे. एक्स्चेंजमध्ये देताना फ्रिज पुढे कुठे जातो हे दुकानदाराला विचारावे, आणि उत्पादक कंपनीच्या ग्राहकसेवा क्रमांकावर जुने उपकरण परत घेण्याची सोय आहे का हेही विचारावे. नोंदणीकृत उद्योगांची यादी केंद्रीय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे असते. एकट्या घराच्या एका फ्रिजसाठी त्यांची गाडी येणे अवघड असले, तरी गृहनिर्माण सोसायटीने वर्षातून एकदा दहा-पंधरा घरांची मोठी उपकरणे एकत्र केली तर त्यांना ते परवडते. फ्रीझरमधला बर्फ सुरीने टोकरू नये आणि फ्रिज जिन्यावरून घसटत उतरवू नये, कारण दोन्हींमुळे नळ्या फुटतात. बाहेर पडून राहणार असेल तर त्याचे दार काढून ठेवावे. खटक्याने बंद होणाऱ्या जुन्या दारांच्या फ्रिजमध्ये लपलेली मुले गुदमरून मेल्यामुळे अमेरिकेने १९५६ मध्ये आतून उघडता येणाऱ्या दारांची सक्ती करणारा कायदा केला होता. चुंबकी रबराची दारे त्यानंतर रूढ झाली असली, तरी ती खबरदारी अजून सोडण्यासारखी नाही.

भारतात येत्या काळात फ्रिजपेक्षाही मोठा प्रश्न वातानुकूलन यंत्रांचा असेल. दीड टनाच्या एसीमध्ये पाऊण ते एक किलो गॅस असतो, म्हणजे फ्रिजच्या कित्येक पट. जुन्या यंत्रांत आर-२२ हा ओझोनला बाधक आणि १,८१० पट तापमानवाढ क्षमता असलेला वायू आढळतो, तर अलीकडच्या बहुतेकांत ६७५ पट क्षमतेचा आर-३२. घर बदलताना किंवा यंत्र काढताना ‘पंप डाउन’ नावाची साधी कृती करता येते. यंत्र चालू ठेवून द्रव वाहून नेणाऱ्या नळीची झडप बंद केली की घरातल्या भागातला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढला जातो, मग दुसरी झडप बंद करून नळ्या सोडवतात आणि गॅस आत कोंडलेला राहतो. ही दहा-पंधरा मिनिटांची मेहनत टाळून सरळ नट सैल करणारे मेकॅनिक काही कमी नाहीत. १९८७ च्या करारात २०१६ मध्ये किगाली येथे झालेल्या दुरुस्तीनुसार भारताने हायड्रोफ्लुरोकार्बनचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०३२ पासून कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. युरोपात अशीच कपात सुरू झाल्यावर २०१७-१८ मध्ये या वायूंच्या किमती एकदम चढल्या, त्यांची चोरटी आयातही होऊ लागली आणि जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला गॅस विकण्याचा धंदा किफायतशीर ठरू लागला. भारतातही टंचाईमुळे गॅसला मोल आले, तर रिकामे सिलिंडर घेऊन यंत्र काढायला जाणारा मेकॅनिक दिसू लागेल, कारण हवेत सोडलेला गॅस तेव्हा त्याचेच नुकसान असेल. पफला मात्र असा भाव येण्याची चिन्हे नाहीत. त्यातला वायू पकडण्याचा खर्च नव्या फ्रिजच्या किमतीत धरूनच भागवावा लागेल.